ताशी ५०० लिटरचा सौर आरओ संच: खारपाणपट्ट्यातल्या गावाने घ्यावा का?

पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात बोअरला पाणी लागतं, पण ते घशाखाली उतरत नाही. नळयोजनेचं पाणी कित्येक गावांत बऱ्याच दिवसांच्या अंतराने येतं, आणि मधल्या दिवसांत जार विकत घ्यावा लागतो. अशा ग्रामपंचायतींकडे विक्रेते जो संच घेऊन येतात तो साधारण एकाच साच्याचा असतो: ताशी ५०० लिटर गोड पाणी, चार इंची चार मेंब्रेन (दाबाने ढकललेलं पाणी जाऊ देणारे आणि क्षार अडवणारे गुंडाळलेले पडदे), दीड-दोन एचपीचा हाय प्रेशर पंप, आठ-नऊ सोलर पॅनल आणि ‘बॅटरी नाही, वीजबिल नाही’ असं आश्वासन. हे परीक्षण त्या साच्याचं आहे, कुठल्या एका कंपनीचं नाही.

निकाल आधीच सांगतो. संच घ्यावा, पण कोटेशनमध्ये येतो तसाच्या तसा घेऊ नये. यातले बरेचसे संच मुळात महावितरणच्या विजेवर तासन्‌तास एकसारखे चालण्यासाठी जुळवलेले असतात आणि नंतर त्यांना पॅनल जोडलेले असतात. उन्हावरचा संच रोज संध्याकाळी थांबतो, ढग आला की थांबतो, वर्षातून शेकडो वेळा थांबतो. तो कसा थांबतो यावरच मेंब्रेन वर्षभरात जाणार की तीन-चार वर्षं टिकणार हे ठरतं. कोटेशनमध्ये याबद्दल बहुधा एक ओळही नसते.

त्याआधी पाणी तपासा. खिशातलं टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅम) मोजणारं मीटर पुरेसं नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेतून टीडीएस, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्षारता, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइड आणि लोह इतकं तरी लेखी घ्या. सिलिकाही तपासून मिळाली तर उत्तम. नमुना मे महिन्यात, बोअर अर्धा तास चालवल्यावर घ्यावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) टीडीएस ५०० पर्यंत असावा असं म्हटलंय, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतो. नायट्रेटला मात्र ४५ मिलिग्रॅमच्या वर सवलत नाही. म्हणून १२०० टीडीएसच्या बोअरवर, नायट्रेट आणि फ्लोराइड मर्यादेत असताना, आरओ बसवणं म्हणजे निम्मं पाणी विनाकारण वाया घालवणं. याउलट टीडीएस ९०० असलं आणि नायट्रेट १२० असलं, तर उपाय करावाच लागतो. पुढचा सगळा हिशेब ३००० टीडीएसचं पाणी धरून केला आहे.

आता थांबण्याचं बघू. संच निम्मं पाणी गोड करतो आणि निम्मं रिजेक्ट म्हणून सोडतो, म्हणजे रिजेक्टचं टीडीएस ६००० च्या आसपास जातं. शेवटच्या मेंब्रेनमध्ये तेच दाट पाणी असतं. ऊन गेलं, पंप बंद पडला, की ते तिथेच रात्रभर मुरतं. अँटिस्केलंट (खपली रोखायला कच्च्या पाण्यात सोडलेलं रसायन) क्षारांना काही तास रोखून धरतो, कायमचा नाही. सकाळपर्यंत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे जाळीत धरतात आणि दुसऱ्या दिवशीचे क्षार त्यांच्यावर बसतात. असं रोज होत राहिलं तर पहिल्याच उन्हाळ्यात गोड पाण्याची धार बारीक होते आणि विक्रेता ‘तुमचं पाणीच खराब’ म्हणून मोकळा होतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे. पंप बंद झाल्यावर मेंब्रेन गोड पाण्याने धुऊन काढायची. चार व्हेसल (मेंब्रेन ज्यांत बसते ती नळकांडी) आणि पाइप मिळून २५-३० लिटर पाणी मावतं. त्याच्या तिप्पट-चौपट, म्हणजे सुमारे १०० लिटर गोड पाणी आतून गेलं पाहिजे. त्यासाठी २०० लिटरची वेगळी टाकी, मिनिटाला वीस लिटरचा २४ व्होल्टचा छोटा डीसी पंप आणि एक टायमर लागतो. पंप थांबून दहा मिनिटं झाली की रिजेक्टचा वॉल्व्ह पूर्ण उघडावा आणि पाच मिनिटं धुणं चालावं. दहा मिनिटांची ही वाट महत्त्वाची आहे, नाहीतर प्रत्येक ढगाला १०० लिटर गोड पाणी जाईल. रिजेक्टचा पाइप व्हेसलच्या डोक्यावरून उलट्या यू आकारात नेऊन मगच खाली उतरवा. तो थेट खाली सोडला असेल तर रात्री व्हेसल रिकामे होतात, मेंब्रेन सुकते आणि सकाळी हवेसकट दाबाचा दणका बसतो.

हे नीट झालंय का हे तपासायला पाच मिनिटं लागतात. संध्याकाळचं धुणं संपत आलं की रिजेक्टच्या पाइपाखाली पेला धरा. टीडीएस ५०० च्या खाली आलं असेल तर ठीक. दोन-तीन हजार दाखवत असेल तर धुण्याचं पाणी किंवा वेळ कमी पडतोय. संच ताब्यात घेताना आम्ही हीच चाचणी पहिली करायला सांगू.

पॅनलचा भाग विक्रेत्याच्या हाती पूर्ण सोपवू नये, कारण इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. ५४० वॉटच्या पॅनलचा चालू असतानाचा व्होल्टेज ४१-४२ असतो आणि काहीच जोडलेलं नसताना साडेएकोणपन्नासच्या आसपास. हे आकडे २५ अंशांचे आहेत. अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी काचेमागचा सेल ६५ अंशांच्या पुढे जातो आणि व्होल्टेज सुमारे १४ टक्क्यांनी घसरतो. एकापुढे एक जोडलेल्या आठ पॅनलच्या माळेचे ३३२ व्होल्ट २८५ वर येतात. २३० व्होल्टच्या तीन फेज मोटरला पूर्ण वेगासाठी (५० हर्ट्झ) ड्राइव्हला, म्हणजे पॅनलची वीज मोटरला चालेल अशी करून तिचा वेग ठरवणाऱ्या यंत्राला, ३२५ व्होल्ट डीसी लागतात, म्हणजे भर उन्हात, जेव्हा पाण्याची मागणी सर्वांत जास्त, तेव्हाच पंप ४४ हर्ट्झच्या वर चढत नाही. ‘मग नऊ लावू’ असं उत्तर मिळतं. नऊ लावले की डिसेंबरच्या सकाळी, पंप सुरू व्हायच्या आधी, माळेचा व्होल्टेज ४६५ च्या घरात जातो. २३० व्होल्ट वर्गातल्या पुष्कळ ड्राइव्हची कमाल मर्यादा ४५० असते. एका थंड सकाळी ड्राइव्ह जळतो आणि वॉरंटीत बसत नाही, कारण मर्यादा ओलांडल्याची नोंद त्याच्याच मेमरीत असते.

योग्य तोडगा असा: आठच पॅनल ठेवा आणि पंप असा निवडा की लागणारा दाब तो ४४ हर्ट्झलाच देईल. या पाण्याला नव्या मेंब्रेनवर ९-१० किलो (चौरस सेंटिमीटरला) आणि दोन-तीन वर्षांनी ११-१२ किलो दाब लागतो. ५० हर्ट्झला १५ किलो देणारा पंप ४४ ला साडेअकरा देतो. कंट्रोल पॅनलच्या दारावर ड्राइव्हचा कमाल डीसी व्होल्टेज आणि माळेतल्या पॅनलची संख्या मार्करने लिहून ठेवा. पुढे कुणी तुटलेल्या पॅनलऐवजी वेगळ्या वॉटचं पॅनल आणून लावतो, तेव्हा ही ओळ उपयोगी पडते.

सकाळ-संध्याकाळची गोष्ट वेगळी. पंपाचा वेग तीन चतुर्थांशावर आला की दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. ३००० टीडीएसच्या पाण्याला उलट ढकलण्यातच साडेतीन-चार किलो खर्च होतात, त्यामुळे पाणी काढायला उरतो तो दाब एक तृतीयांश. क्षार मात्र मेंब्रेनमधून पूर्वीच्याच वेगाने झिरपत राहतात. म्हणून सकाळी आठचं पाणी कमी आणि खारट, दुपारी बाराचं भरपूर आणि गोड. गावकरी म्हणतात ‘मशीन कधी चांगलं पाणी देते, कधी नाही’, ते अगदी बरोबर असतं. ड्राइव्हमध्ये किमान ३८ हर्ट्झची मर्यादा घाला, त्याखाली पंप थांबला पाहिजे. पुन्हा सुरू होण्याआधी काही मिनिटांची सक्ती ठेवा (धुण्याआधीच्या दहा मिनिटांच्या वाटेपेक्षा कमी), आणि वेग वाढायला ३० ते ६० सेकंद द्या, कारण दाब एकदम चढला तर मेंब्रेनची गुंडाळी सरकते. शिवाय गोड पाण्याच्या पाइपवर टीडीएस कंट्रोलर आणि तीन तोंडांचा वॉल्व्ह हवा. ५०० च्या वरचं पाणी परत कच्च्या टाकीत गेलं पाहिजे, पिण्याच्या टाकीत नाही.

रोटामीटर (पाण्याचा प्रवाह दाखवणाऱ्या उभ्या नळ्या) मोजा. दोन असतील तर तिसरा मागा. चार इंची मेंब्रेनच्या खाऱ्या बाजूने ताशी किमान ७०० लिटर पाणी वाहिलं पाहिजे, नाहीतर घाण धुतली न जाता बसत जाते. ताशी १००० लिटर आत आणि ५०० गोड असा हिशेब असेल तर शेवटच्या मेंब्रेनमधून जेमतेम ५०० लिटर बाहेर पडतात. म्हणून रिजेक्टमधलं ताशी ३०० लिटर पाणी परत पंपाच्या तोंडाशी फिरवायची लाइन लागते आणि तिच्यावर स्वतःचा रोटामीटर. स्वस्त संचात ही लाइन गाळलेली असते, कारण ती ठेवली की पंप १००० ऐवजी १३०० लिटरचा घ्यावा लागतो. तीच मंडळी मग रिजेक्टचा वॉल्व्ह आवळून ‘आमच्यात ७० टक्के रिकव्हरी’, म्हणजे आत गेलेल्यातलं ७० टक्के पाणी गोड निघतं, असं सांगतात. या पाण्यावर ५० टक्क्यांच्या वर जाऊ नका.

‘बॅटरी नाही’ हा दावा मोठ्या पंपापुरता खरा आहे आणि तो गुणच आहे. वीज साठवण्यापेक्षा पाणी साठवणं कितीतरी स्वस्त पडतं: ५००० लिटरची कच्च्या पाण्याची टाकी, ५००० लिटरची गोड पाण्याची, दोन्ही झाकलेल्या, कच्च्या टाकीवर सावली. पण डोसिंग पंप (अँटिस्केलंट मोजून सोडणारा), जंतू मारणारा यूव्ही दिवा, कंट्रोलर आणि धुण्याचा पंप यांना ड्राइव्हची तीन फेज वीज चालत नाही. ते गावच्या सिंगल फेजवर जोडलेले असतात, आणि लोडशेडिंगमध्ये मोठा पंप उन्हावर चालू, अँटिस्केलंट मात्र बंद, अशी स्थिती येते. बाहेरून काहीच कळत नाही. या किरकोळ भाराला २४ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आणि एक छोटं पॅनल पुरतं. डोसिंग बंद असेल तर मोठा पंप सुरूच होऊ नये, अशी जोडणी मागा.

अँटिस्केलंटचं प्रमाण लिटरला ३ ते ५ मिलिग्रॅम. रोजच्या ५००० लिटर कच्च्या पाण्याला १५ ते २५ ग्रॅम, म्हणजे मोठे एक-दोन चमचे इतकंच. पाच लिटरचा कॅन सहा महिने तरी टिकतो. महिन्यात संपत असेल तर जादा पडतंय, आणि जादा पडलं की तेच मेंब्रेनवर चिकट थर धरतं. वर्षभरात पातळी फारशी उतरलीच नाही तर डोसिंग पंपात हवा अडकली आहे. त्याची नळी रिकामी दिसते का बघा.

बिघाड कुठे झालाय हे मेंब्रेन उघडल्यावर लगेच कळतं. शेवटच्या व्हेसलचं झाकण काढा, मेंब्रेन ओढून उभी करा, पाणी निथळू द्या आणि ताणकाट्यावर टांगा. नवीन साडेतीन-चार किलोची असते, खपली धरलेली स्पष्टपणे जड भरते. टोकाच्या जाळीवर बोट फिरवलं तर बारीक वाळूसारखं खरखरीत लागतं आणि नखावर पांढरी भुकटी येते. तिच्यावर लिंबू पिळलं आणि फेस आला तर ती कार्बोनेटची खपली आहे, आम्लाने निघते. फेस नाही आला तर सल्फेट किंवा सिलिका, आणि ती सहसा निघत नाही. पहिल्या मेंब्रेनच्या तोंडावर तांबूस-तपकिरी लेप असेल तर लोह, आणि बुळबुळीत, वास मारणारा असेल तर शेवाळ-जिवाणू. त्याचं मूळ बहुधा उघड्या टाकीत सापडतं.

धुण्यासाठी वाट बघत बसू नका. त्याच दाबाला गोड पाणी १० टक्क्यांनी घटलं किंवा दाबाच्या पहिल्या आणि शेवटच्या गेजमधला फरक १५ टक्क्यांनी वाढला की धुवा. १०० लिटर गोड पाण्यात दोन किलो सायट्रिक ॲसिड, कमी दाबावर अर्धा तास फिरवायचं, तासभर भिजत ठेवायचं, पुन्हा अर्धा तास फिरवून गोड पाण्याने खळखळून काढायचं. बुळबुळीत थर असेल तर आधी १०० लिटरला १०० ग्रॅम कॉस्टिक सोडा, ३० अंशांच्या वर न तापवता, आणि मग ॲसिड. दोन्ही एकत्र कधीच करू नका. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय ऑपरेटरला कॉस्टिकला हात लावू देऊ नका. ब्लीचिंग पावडर मेंब्रेनच्या आधी कुठेही पडता कामा नये, लिटरला दशांश मिलिग्रॅम क्लोरीनही मेंब्रेनला हळूहळू खातो. टाकी साफ करताना ही चूक हमखास होते.

रिजेक्टच्या प्रश्नावर बहुतेक गावं डोळे मिटून घेतात आणि तिथे आम्हाला खरी काळजी वाटते. रोज अडीच हजार लिटर गोड पाण्यामागे अडीच हजार लिटर ६००० टीडीएसचं पाणी निघतं. ते शेताच्या बांधाला सोडलं तर काळ्या मातीत सोडियम बसतो. माती ओली असताना चिकट चिखल, वाळली की दगड होते, पाणी मुरेनासं होतं. ती माती परत आणायला जिप्सम आणि वर्षं दोन्ही लागतात. बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडलं तर तेच पाणी फिरून बोअरमध्ये येतं. वाफवण्यासाठी प्लास्टिक कागद अंथरलेलं तळं करायचं तर वर्षभराची सरासरी दिवसाला ४ मिलिमीटर वाफ धरून ६०० चौरस मीटरच्या पुढे जागा हवी. म्हणून पहिला उपाय म्हणजे ते वापरून संपवणं: सार्वजनिक शौचालयाची टाकी, फरशी धुणं, गाड्या धुणं, बांधकामात मुरूम दाबणं. काँक्रीटच्या कामात, विशेषतः लोखंड असलेल्या, नको. गाभण जनावरांना पाजू नका. उरलेल्यासाठी लहान तळं.

गोड पाण्याची चव सपक लागते अशी तक्रार येते. टीडीएस १०० च्या आसपास आणि पीएच साडेसहाच्या खाली उतरलेला असतो, कारण कार्बन डायऑक्साइड मेंब्रेनमधून निघून येतो. नायट्रेट-फ्लोराइड परवानगी देत असतील तर ५०० लिटरमागे २५-२६ लिटर गाळलेलं कच्चं पाणी मिसळा, टीडीएस २५० होतं आणि पाणी पाण्यासारखं लागतं. मिसळणं यूव्हीच्या आधीच झालं पाहिजे.

पर्याय काय? काचेच्या पेटीतलं सौर ऊर्ध्वपातन सर्वांत साधं, फिरता भाग एकही नाही. चिलीत लास सालिनास इथे १८७२ मध्ये असंच मोठं संयंत्र उभं राहिलं होतं. पण एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट उष्णता लागते. हा आरओ संच एक हजार लिटरला साडेतीन-चार युनिट वीज घेतो. चौरस मीटरला दिवसाकाठी तीन-साडेतीन लिटर धरले तर आपल्या अडीच हजार लिटरला सात-आठशे चौरस मीटर काच हवी. एखाद्या आडवाटेच्या शाळेला किंवा वनचौकीला वीस-तीस लिटर हवे असतील तर ती पेटी जरूर करा, गावासाठी नाही.

दुसरा पर्याय इलेक्ट्रोडायलिसिस. यात पाणी ढकलण्याऐवजी विजेने क्षार ओढून काढतात. जळगावच्या जैन इरिगेशनने अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाबरोबर केलेल्या सौर संचाला २०१५ मध्ये अमेरिकेच्या यूएसएड संस्थेच्या, खारं पाणी गोड करण्याच्या डीसॅल स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. पुढे एमआयटीच्या गटाने न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो इथे ढगाप्रमाणे क्षार काढण्याचा वेग क्षणोक्षणी बदलणारा, जवळपास बॅटरी न लागणारा संच सहा महिने चालवला, त्यातून दिवसाला ५००० लिटरपर्यंत पाणी मिळालं. १०००-२५०० टीडीएसला त्याची वीज कमी लागते आणि पाणी वाया जाणं खूपच कमी, म्हणजे वरची रिजेक्टची डोकेदुखीच घटते. मात्र तो जिवाणू काढत नाही, आणि तालुक्याच्या दुकानात त्याचे सुटे भाग मिळत नाहीत. चार इंची मेंब्रेन अकोल्यात संध्याकाळपर्यंत हाती येते. आज आरओच्या बाजूने हा एकच मुद्दा पुरेसा जड आहे.

खर्चाचं सांगायचं तर मेंब्रेन १५ हजारांची धरली, चार मेंब्रेन तीन वर्षं टिकल्या आणि वर्षात ३०० दिवस अडीच हजार लिटर निघाले, तर लिटरला पावणेतीन पैसे पडतात. त्या वर्षभरातच गेल्या तर आठ पैसे. पाच रुपयांना वीस लिटरच्या जारमध्ये, म्हणजे लिटरला २५ पैशांत, ऑपरेटरचा पगार, काट्रिज (बदलत राहायची गाळणी), अँटिस्केलंट आणि पावसाळ्यातले मंद दिवस बसवायचे असतात. जुलै-ऑगस्टसाठी ड्राइव्हला विजेची दुसरी जोडणी ठेवाच.

देखभाल करारात ‘वेळोवेळी सर्व्हिस’ हे शब्द खोडून टाका. त्याजागी लिहा: पाच मायक्रॉनचं काट्रिज महिन्याला किंवा गेजमधला फरक एक किलो झाला की, सँड फिल्टरचं बॅकवॉश दर तिसऱ्या दिवशी, ॲसिड धुणं तीन महिन्यांना, तक्रारीला ४८ तासांत माणूस. दुपारी बाराला ऑपरेटरने वहीत हर्ट्झ, दोन गेज, तीन रोटामीटर आणि दोन टीडीएस लिहायचे. शेवटचे २० टक्के पैसे एक पूर्ण उन्हाळा आणि ही वही पाहूनच द्या.